रुमालाखालचं गणित

तिसरी ब च्या वर्गात मी मधोमध खडूनं एक रेघ मारली. रेघ सरळ आली नाही, हा पहिला अपशकुन. रेघेच्या डावीकडं स्वित्झर्लंड आणि उजवीकडं रशिया, असं मी पोरांना सांगून टाकलं, ही दुसरी चूक. आणि हे सगळं मुख्याध्यापकांना आधी विचारून केलं, ही तिसरी. न विचारता केलं असतं तर नुसती बोलणी खाऊन सुटलो असतो. विचारून केल्यामुळं त्याचा 'उपक्रम' झाला, आणि उपक्रम एकदा सुरू झाला की तो बंद करायची सोय आपल्या खात्यात नाही.

सोव्हिएत रशिया फुटून सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा प्राथमिक शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. विषय होता, लहान मुलाची बुद्धी कशी वाढते. यावर जगात दोन मोठ्या विद्वानांचे दोन सिद्धांत आहेत म्हणे. त्यांची नावं प्रत्येक तज्ज्ञ वेगळी उच्चारायचा, त्यामुळं पहिल्या चहापर्यंतच आम्ही शिक्षकांनी एकाला स्वित्झर्लंडवाले आणि दुसऱ्याला रशियावाले करून टाकलं.

स्वित्झर्लंडवाल्यांचं म्हणणं असं की पोराची समज टप्प्याटप्प्यानं येते. त्याच्या हातात वस्तू द्या, त्याला फोडू-जोडू द्या, त्याचं त्याला उमजेल. टप्पा आला नसेल तर मास्तरानं डोकं आपटलं तरी उपयोग नाही. रशियावाले म्हणतात, समज आधी दोन माणसांच्या मध्ये येते आणि मग एकाच्या आत जाते. आज पोराला जे दुसऱ्याच्या आधारानं जमतं, ते उद्या एकट्याला जमतं. म्हणून शेजारी कोण बसलंय याला महत्त्व. शेवटी तज्ज्ञ म्हणाले, "दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत." आमच्या गल्लीत दोन भावांच्या भांडणात पडणारा माणूसही हेच म्हणतो आणि दोघांचा मार खातो.

प्रत्येकानं आपापल्या वर्गात दोन्ही सिद्धांतांची तुलना करून अहवाल द्यायचा होता. बाकीच्या मंडळींनी घरी बसूनच तुलना केली. मला मात्र खरोखर करून बघायचा कंड सुटला.

"अहो, तुम्हाला कुणी सांगितलंय हे?" विद्याश्री, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली. "गेल्या वर्षी वर्गात सूर्यचूल केलीत. त्यातला भात झाला का अजून?"

झाला नव्हता, हे खरं आहे. पण विज्ञानात अपयशाला किंमत असते, हे मी तिला सांगितलं. तिनं तांदळाची किंमत सांगितली.

आमचे मुख्याध्यापक हंबीरराव एके काळी तालमीतले. बुद्धीच्या वाढीबद्दल त्यांचा स्वतःचा सिद्धांत होता आणि त्यात जोर, बैठका आणि थंडाई एवढंच होतं. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "करा की. पण मारामारी झाली तर निस्तरायची तुम्ही."

मारामारी दुसऱ्याच दिवशी झाली, आणि ती पोरांची नव्हती. सकाळी शाळेच्या फाटकात आयांचा घोळका. त्यातली एक मला अडवून म्हणाली, "काय ओ सर, आमच्या पोराला रशियात का घातलासा? ते फुटलं न्हवं का? तिकडं पावासाठी रांगा लागत्यात म्हणं." मी म्हणालो, ताई, ही फक्त बसायची पद्धत आहे. ती म्हणाली, "मग स्वित्झर्लंडात बसवा की. तिकडं हवा चांगली हाय." तेवढ्यात आकाराम आले. आकाराम लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते, जन्म मोर्चात गेलेला. त्यांना कळलं होतं की त्यांचा नातू स्वित्झर्लंडात आहे. "भांडवलदारांच्यात आमचा नातू? चालायचं न्हाय! आत्ताच्या आत्ता त्याला रशियात घ्या, न्हायतर हितंच बसतो," असं म्हणून ते फाटकात खरंच बसले. मी अदलाबदल केली. मग दुसऱ्यानं अदलाबदल मागितली. दोन पोरांचं बाक तर रेघेवरच येत होतं. आमच्या शेजारचे आण्णा, एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर, त्या दोघांना सीमावासीय म्हणायला लागले आणि त्यांच्यासाठी वेगळी समिती नेमा असा सल्ला रोज संध्याकाळी देऊ लागले.

या अदलाबदलीतच दानेश्वरी माझ्या रशियातून गेली.

दानेश्वरी आमच्या वर्गातली अबोल पोरगी. आमची शाळा गूळबाजाराच्या पाठीमागं, आणि तिचे आजोबा, म्हणजे तिचे अज्जा, चन्नाप्पा हे बाजारातले जुने अडते. ती आणि भांड्याच्या दुकानवाल्यांची आदिती या दोघी पहिलीपासून एका बाकावर. आदिती दोघींच्या वाटणीचं बोलायची, दानेश्वरी दोघींच्या वाटणीचं ऐकायची. गणितात दोघी बऱ्यापैकी. पण चन्नाप्पा येऊन म्हणाले, "मास्तर, आमची पोरगी त्या आदितीच्या जिवावर चाललीय. उद्या लग्न होऊन गेली तर आदितीला संगं धाडायची काय? एकटी बसवा तिला." मी तिला स्वित्झर्लंडात एकटीला एक बाक दिलं. तिनं दप्तर उचललं आणि रेघ ओलांडली.

आता प्रयोग. स्वित्झर्लंडवाल्यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. दोन सारखे गोळे घ्यायचे, एक फोडून त्याचे तुकडे करायचे आणि पोराला विचारायचं, आता जास्त कशात? टप्पा न आलेलं पोर म्हणतं, तुकड्यांत जास्त. टप्पा आलेलं म्हणतं, सारखंच. मातीच्या गोळ्यांनी करतात, पण मी स्थानिक साधनं वापरायची म्हणून गूळ आणला. दोन सारखे खडे मांडले. एक फोडला.

"आता कुठं जास्त?"

"अख्ख्यात जास्त, सर," पोरं एकमुखानं म्हणाली.

हे उत्तर कुठल्याच टप्प्यात बसत नव्हतं. "का रे?"

"फोडताना चुरा पडतोय की. तूट येती." ही सगळी गूळबाजारातली पोरं.

मी चुरा गोळा करून तुकड्यांत टाकला. "आता?"

"आता लईच कमी हाय सर."

"ते कसं?"

"गण्यानं दोन खाल्लं."

प्रयोग तिथंच संपला, कारण पुरावा संपला. मधल्या सुट्टीनंतर मुंग्या आल्या. त्या मात्र दोन्ही देशांत सारख्याच पसरल्या.

खरी पंचाईत चाचणीत झाली. दोन अंकी बेरजा. रशियाकडची पोरं एकमेकांत कुजबुजून बरी निघाली, स्वित्झर्लंडकडची काही बरी, काही नाहीत. दानेश्वरीचं एकही गणित बरोबर नव्हतं. हंबीररावांनी पेपर बघितला आणि मान हलवली. "पायाच कच्चा हाय सर. हिला दुसरीत बसवू या. पुढच्या आठवड्यात पर्यवेक्षक येणार हैत, त्यांची सही घेऊन टाकू."

मी म्हणालो, "सर, दुसरीत तिचा धाकटा भाऊ आहे."

"मग बरंच की. सोबत हुईल."

हंबीरराव दुष्ट नव्हते. तालमीत वजन भरलं नाही तर खालच्या गटात लढवतात, त्यात अपमान काय, असा त्यांचा सरळ हिशेब. पण आठ वर्षांच्या पोरीनं धाकट्या भावाच्या बाकावर जाऊन बसायचं, आणि घरी जेवताना त्यानं ते सगळ्यांना सांगायचं, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आपण हौसेनं मारलेल्या खडूच्या रेघेपायी पोरगी दुसरीत चालली, या विचारानं मला जेवण गोड लागेना. विद्याश्रीनं मला पेपर पुन्हा तपासायला बसवलं. "चुकलं म्हणजे कसं चुकलं, ते तरी बघा," ती म्हणाली. बघितलं, तर सगळी गणितं एकाच जागी चुकलेली. सत्तेचाळीस आणि अडतीस, उत्तर पंचाहत्तर. एकक बरोबर, फक्त हातचा एक प्रत्येक ठिकाणी गळालेला. म्हणजे पोरीला बेरीज येत होती. हातचा कुठं ठेवायचा ते येत नव्हतं. आणि आदितीच्या शेजारी असताना ते येत होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी दोघींवर नजर ठेवली. पटांगणात हापशाच्या कट्ट्यावर त्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. मध्ये एक निळ्या काठाचा रुमाल पसरलेला आणि दोघींचा एकेक हात त्याच्याखाली. मी मागून जाऊन उभा राहिलो. आदिती म्हणत होती, "एकोणतीस आणि तेवीस." रुमाल जरा हलला. दानेश्वरी म्हणाली, "बावन्न."

मला बघून दोघी उभ्या राहिल्या. रुमाल खाली पडला.

"काय चाललंय?"

आदिती पहिल्यांदाच गप्प. दानेश्वरी पहिल्यांदाच बोलली. "अज्जानं शिकवलंय, सर. हातचा आला की मी हिचं बोट दाबून धरते. मग ते माझ्या ध्यानात ऱ्हातं."

तुम्हाला ठाऊक असेल-नसेल, पूर्वी गुळाचे सौदे असे होत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हातात हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. चारचौघांत उभं राहून, पण चारचौघांना न कळता. पुढं ते बंद झालं, उघडे लिलाव आले. ती विद्या आमच्या शाळेच्या हापशावर तिसरीतल्या दोन पोरी चालवत होत्या, आणि मी मात्र त्यांची बुद्धी वाढवायला परदेशी गेलो होतो.

संध्याकाळी चन्नाप्पांच्या पेढीवर गेलो. वाटलं होतं, ऐकून खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला.

"शाळेत करती व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले. "मास्तर, माझी चूक झाली. लिलाव उघडं झालं तवापासनं मला काम न्हाय. घरात बसून हात शिवशिवायचं. म्हणून तिच्यासंगं खेळायचो. पण ते मोडा. रुमालाखालचं काम म्हंजे लबाडीचं काम, असं म्हणून तर बंद केलं न्हवं? लोक म्हणतील, चन्नाप्पा नातीला दलाली शिकवायलाय."

"अहो, पण त्यानंच तिला गणित जमतंय."

"रुमाल काढला की जमत न्हाय न्हवं? मग ते जमणं काय कामाचं? जाऊ द्या तिला दुसरीत."

मी वाद घातला. रशियावाल्यांचा अख्खा सिद्धांत त्यांना ऐकवला. आज आधारानं, उद्या एकट्यानं. ते एकदम म्हणाले, "तुम्हाला तरी ठाऊक हाय का ते कसं करत्यात? आणा हात." आणि माझा हात त्यांनी उपरण्याखाली घेतला. त्यांची बोटं माझ्या बोटांवरून फिरली, पेरं दाबली, थांबली. डोळे मिटलेले. एवढा सुखी माणूस मी त्या आठवड्यात दुसरा बघितला नव्हता. "कळलं?" त्यांनी विचारलं. कळलं नव्हतं, पण इतक्या प्रेमानं दाखवलेलं कळलं नाही कसं म्हणणार? मी सभ्यपणानं त्यांची बोटं उलट दाबली.

रात्री जेवायला बसणार तोच दारात हातगाडी. तीवर गुळाच्या ढेपा.

"हे काय?" विद्याश्रीनं विचारलं.

"संशोधन," मी म्हणालो. बोटं उलट दाबली म्हणजे सौदा पक्का, आणि शब्द फिरवायची बाजारात पद्धत नव्हती. आण्णांनी कठड्यावरून वाकून ढेपा बघितल्या आणि सल्ला दिला की आता एक गाढवही घ्या. त्या वर्षी आमच्या घरात साखर आली नाही.

पर्यवेक्षक गणपतराव ठरल्या दिवशी आले. ते आले तेच एक कागद हातात घेऊन. कुणीतरी खात्याला कळवलं होतं की अमुक शाळेत दोन परदेशी इसमांच्या नावे वर्ग चालवले जातात.

"हे परदेशी नागरिक कुठं आहेत?" त्यांनी वर्गात येताच विचारलं.

"ते वारले, साहेब," मी म्हणालो. "दोघंही."

गणपतराव दचकले. "शाळेच्या आवारात?"

"नाही साहेब. आपापल्या देशात. जुनी गोष्ट आहे."

"मग तसं लेखी द्या," असं म्हणून ते बसले. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण माझा टांगणीलाच राहिला, कारण हंबीररावांनी लगेच दानेश्वरीला पुढं बोलावलं. संमतीसाठी चन्नाप्पांनाही बोलावलेलं होतं. ते दारातच उभे राहिले, उपरणं हातात चुरगाळत. समोरच्या दुसरीच्या वर्गात पाढे चालले होते आणि त्यात तिच्या भावाचा आवाज सगळ्यात वरचा होता.

"छप्पन आणि अठ्ठावीस?" गणपतरावांनी विचारलं.

दानेश्वरी जमिनीकडं बघत म्हणाली, "चौऱ्याहत्तर."

"चुकलं." त्यांनी पेन काढलं.

"साहेब," मी म्हणालो, "तिला तिच्या मैत्रिणीचा हात धरू द्या." आणि रुमालाची हकीकत एका दमात सांगितली. चन्नाप्पांनी मान खाली घातली.

"म्हणजे कॉपी," गणपतराव म्हणाले.

"मग माझा हात धरू द्या."

"तुम्ही तर उत्तरच सांगाल."

तेव्हा हंबीरराव उठले. तो माणूस काय करील याचा नेम नसे. बाही मागं सारून ते म्हणाले, "माझा धर गं पोरी. साहेब, माझ्याकडनं उत्तर जायची भीती न्हाय. माझं गणित सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय." आणि त्यांनी आपला पंजा तिच्यापुढं केला.

दानेश्वरीनं रुमाल त्याच्यावर टाकला, आत हात घातला. क्षणभर थांबली. हंबीररावांचं एक बोट तिच्या मुठीत मावत नव्हतं, दाबणार काय? तिनं दोन वेळा प्रयत्न केला आणि हात बाहेर काढला. गणपतराव पेनाचं टोपण काढून बसलेले. मी मनात म्हटलं, संपलं.

मग तिनं रुमाल ओढून घेतला. तिथंच फरशीवर बसली, खडूच्या रेघेपाशी. रुमाल मांडीवर पसरून दोन्ही हात त्याच्याखाली घातले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. रुमालाखाली तिचा उजवा हात डाव्याचं बोट धरून होता, ते कापडावरून सरळ दिसत होतं.

"चौऱ्याऐंशी," ती म्हणाली.

गणपतरावांनी टोपण लावलं नाही. "सदुसष्ट आणि पंचवीस?"

रुमाल हलला. "ब्याण्णव."

त्यांनी आणखी घातली, आणखी अवघड घातली. एक चुकलं, ते तिनं स्वतःच थांबून दुरुस्त केलं. आदिती बाकावर उभी राहिली होती, तिला बस म्हणायचं मला सुचलं नाही. मला खरं सांगायचं तर रडू येत होतं, आणि मास्तरानं पर्यवेक्षकांसमोर रडायचं नसतं म्हणून मी फळा पुसायला लागलो. फळा कोराच होता.

गणपतरावांनी पेन खिशाला लावलं. "राहू द्या तिसरीत," ते म्हणाले. मग माझ्याकडं वळून, "हे कुठल्या सिद्धांतात बसतं?"

मी म्हणालो, "साहेब, अहवालात लिहितो." वेळ मारून न्यायला याच्यासारखं वाक्य नाही.

बाहेर व्हरांड्यात चन्नाप्पांनी मला गाठलं. उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, सगळी हयात बाजारात गेली. पण एकाच माणसानं आपल्या आपल्यात सौदा केल्याला मी आज बघितला."

अहवाल लिहायला बसलो तेव्हा कळलं की तुलना वाटते तितकी सोपी नाही. स्वित्झर्लंडवाले म्हणाले असते, बघा, तिचा टप्पा आला, तिचं तिला उमजलं. रशियावाले म्हणाले असते, बघा, दोघींच्या मधलं होतं ते तिच्या आत गेलं. मला तर एवढंच ठाऊक होतं की आदितीचा हात आधी नसता तर तिचा स्वतःचा हात तिला सापडला नसता, आणि एकटी पडली नसती तर तिनं तो शोधलाही नसता. शेवटी मी दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत असं लिहिलं, आणि लिहिताना त्या तज्ज्ञांची मनातल्या मनात माफी मागितली. मग ओल्या फडक्यानं वर्गातली रेघ पुसून काढली. आकाराम दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अहवाल उन्हाळा लागल्यावर परत आला. मंजूर नव्हता. त्यावर लाल शाईत शेरा होता, 'निष्कर्षास पुरावा जोडलेला नाही. सदर रुमाल सोबत जोडून फेरसादर करावे.'

वार्षिक परीक्षेची उजळणी चालली होती. दानेश्वरी आदितीच्या शेजारी बसून पाटीवर बेरजा करत होती. मी ओशाळून विचारलं, "दानेश्वरी, तो तुझा रुमाल जरा देशील का? खात्याला पाठवायचाय."

तिनं दप्तरात हात घातला. तळाशी पुस्तकांखाली चुरगळलेला रुमाल काढला, गुडघ्यावर ठेवून घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"घ्या की सर," ती म्हणाली. "मला न्हाय लागत आता."

आणि पुढची बेरीज करायला लागली. खात्याला मी माझा रुमाल पाठवला.